साडेतीन फूट

माझ्या पत्रिकेत, हळदीच्या डागाखाली,
एक ओळ होती: जलाशयापासून धोका.
देवघरे गुरुजींनी ती लिहिली, सव्वा रुपया घेतला
आणि सायकलवर टांग टाकून महालकडे निघून गेले.
संध्याकाळपर्यंत विसरलेही असतील.

मी मात्र तिला एकोणपन्नास वर्षं सांभाळलं.
फुटाळ्याच्या काठावर कणीस खाताना
माझी पाठ पाण्याकडे.
शाळेची सहल रामटेकला, अंबाळ्याला निघाली
तेव्हा आई बाईंना म्हणाली, हिचं पोट दुखतं.
आणि खरंच दुखायला लागलं.

पुढे ती ओळ पाण्यापुरती राहिली नाही.
ओल धरावी तशी भिंतभर चढली.
स्कूटर नको, रस्त्यात खड्डे, खड्ड्यांत पाणी.
बँकेत बढतीचा अर्ज आला की
मी ड्रॉवर आवरायला घ्यायची, तारीख टळेपर्यंत.
कुणी माईक पुढे केला की घसा कोरडा.
हा तर नेमका उलटा त्रास,
पण मी दोन्ही एकाच खात्यावर टाकले.

दर वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी
इतवारीच्या गर्दीत ओरडायची मीही:
खोकला, खरूज, रोगराई घेऊन जा गे मारबत!
पिवळी बाई डुलत पुढे जायची,
सगळ्या शहराची पीडा तिच्या पोटात मावायची.
माझी ओळ तेवढी मी तिला दिली नाही.
ऐन वेळी गिळून टाकायची.
ती गेली असती तर तिच्या जागी
काय ठेवायचं, ठरलं नव्हतं.

आई गेल्यावर कागद काढले.
पत्रिका पूर्ण अशी पहिल्यांदाच वाचली,
कारकुनाच्या सवयीनं, पेन्सिल हातात धरून.
विवाह बाविसाव्या वर्षी. फुली.
अपत्ये तीन. फुली.
तांब्याच्या व्यापारात विशेष लाभ.
घरात एकटीच होते, तरी मोठ्यानं हसले.
बारा ओळींपैकी अकरा चुकलेल्या,
आणि बारावीवर मी माळे चढवत नेले होते.

मे महिना. शेहेचाळीस डिग्री.
कूलरचा पंप जळलेला.
जलतरण तलावाच्या भिंतीवर निळ्या रंगात: खोली साडेतीन फूट.
मी पाच फूट एक इंच.
ही वजाबाकी मला आठ दिवस
रोज नव्यानं करावी लागली, पाइप धरून.

शिकवायला प्राची नंदेश्वर, वय बावीस,
गळ्यात शिटी, नाकावर सनबर्न.
“मॅडम, अंग सोडा न. कायले धरून राहिल्या त्या पाइपाले?
तो काय पळून चालला?”
मी म्हटलं, माझ्या पत्रिकेत...
ती म्हणाली, “माह्यी तं पत्रिकाच नाही काढली कोणी.
मले तं माहीतच नाही, कशाले भ्यायचं.”
आणि शिटी फुंकून पोरांवर ओरडायला गेली.

नवव्या दिवशी करंगळी सुटली.
मग तिच्या शेजारची.
अंगठा शेवटपर्यंत भांडला.
कान पाण्याखाली गेले तशी
प्राची, पोरं, बाहेरचा रिक्षा, सगळं विझलं;
फक्त एक ठोका, जुन्या शिलाई मशीनसारखा,
माझ्याच आतून.
वर पांढरं फटक आभाळ, त्यात एक घार,
तीही हात न हलवता.

चार सेकंद असेल.
मग नाकात क्लोरीन, ठसका, गटांगळी,
आणि पायाखाली फरशी.
ती तिथंच होती. सगळा वेळ तिथंच होती.

आज पाच फुटांच्या रेषेपाशी पोचले.
तिथं दोरी आहे, लाल-पांढऱ्या गोळ्यांची.
पलीकडचं पाणी थोडं जास्त निळं.
दोरीला हात लावून परत आले.

उद्या सोमवार, तलाव बंद.
मंगळवारी पाहू.